हात ओळखीचा, नाव नाही

"बिडी वळतो म्हणतेस न? मंग दाखव वळून."

औषधाच्या खिडकीतून कंपाउंडर माझ्या मायला म्हणाला. रांगेत पंधरा-वीस माणसं होती. माय खांबाला टेकून उभी होती, तोंडावर पदर धरून. तिला वाटलं, थट्टा करतोय. मलाही तसंच वाटलं. पण त्यानं खरंच हात बाहेर काढला, रांगेतल्या एका बाईच्या पिशवीतून कापलेलं पान आणि चिमूटभर तंबाखू मागून घेतली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली.

माय वळू लागली. उभ्यानं. एरवी मांडीवर सूप घेऊन बसल्याशिवाय बिडी होत नाही. मध्येच तिला खोकला आला. पान छातीशी धरून ती खोकली, पण तंबाखू सांडू दिली नाही. मग वळली, टोक मोडलं. दोरा नव्हता, तर लुगड्याच्या काठातला एक धागा ओढून बांधला. वीस वर्षांचा हात होता तो. बिडी झाली.

कंपाउंडरनं ती उचलली. बोटात फिरवून पाहिली. काडी ओढली आणि पेटवली. दोन झुरके घेतले.

"बिडी तं फस्कलास आहे," तो म्हणाला. "आता कार्ड आण. कार्डाशिवाय गोळी भेटत नाही."

रांग हसली. माझी मायपण हसली. रांगेच्या हसण्याचा मला जेवढा राग नाही, तेवढा तिच्या त्या हसण्याचा आहे. अजून आहे. मी एकोणीस वर्षांची होते. तिचा हात धरून मी बाहेर आले.

आमचं गाव आंधळगावच्या पलीकडं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गावाच्या टोकाला आमचा टोला, सगळी घरं दीक्षा घेतलेल्यांची. बाप मी लहान असतानाच वारला. माय आणि मी, दोघीच. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत शेतावर, बाकी सारं वर्ष बिडी. गावात एक सट्टेदार होता. तो गोंदियाच्या शेठकडून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायचा, घरोघर वाटायचा आणि वळलेल्या बिड्या गोळा करून पाठवायचा. आमच्या हातचं पाणी त्याच्या घरात चालत नव्हतं. आमच्या हातची बिडी मात्र गावातल्या सगळ्यांच्या ओठात चालत होती. ह्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आम्हालाही नाही, हे आधी कबूल करते.

मायला त्या वर्षी खोकला लागला तो सुटेना. पदरावर रक्त दिसलं तेव्हा मी तिला ओढत भंडाऱ्याला नेलं. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, टीबी आहे. दोन महिने रोज सुई, मग दीड वर्ष गोळ्या. "एक दिवसाचाही खाडा करायचा नाही," असं त्यांनी मायला नाही, मला सांगितलं. सुया झाल्या. गोळ्या पहिल्या महिन्याच्या मिळाल्या. दुसऱ्या महिन्यात तिथलं औषध संपलं होतं. तिथल्या माणसानं चिठ्ठी परत केली. म्हणाला, बिडीवाल्यांसाठी सरकारनं वेगळा दवाखाना काढला आहे ना, तिकडं जा. कार्ड असलं की औषध आहे, विमासुद्धा आहे. तुमची तर मजा आहे.

ती मजा करायला आम्ही त्या खिडकीवर गेलो होतो.

कार्डाचा फॉर्म मिळाला. मी सातवी शिकले होते, तो मीच भरला. नाव भागरता. काम बिडी वळणे. खाली एक रिकामी चौकट होती, तिथं सट्टेदाराची सही आणि शिक्का पाहिजे, की ही बाई माझ्याकडं काम करते. एवढंच. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. माय मात्र फॉर्म पाहून घाबरली.

"त्याले माही बिमारी सांगू नको हं बाई," ती म्हणाली. "टीबी म्हटलं का पानं बंद करन तो. मंग खाऊ काय?"

म्हणजे असं, की औषधासाठी त्याची सही पाहिजे. सही मागायला गेलं तर कशाला पाहिजे ते सांगावं लागणार. ते सांगितलं तर काम जाणार. आणि काम गेलं तर सही कशाची?

मी खोटं बोलले. म्हणाले, सगळेच कार्ड काढून राहिलेत, म्हणून आम्हीबी काढतो. तो सपरीवर, म्हणजे घरापुढच्या उंच ओट्यावर, खुर्ची टाकून बसला होता. आम्ही नेहमीसारखे खाली अंगणात.

"शिक्का शेठजवळ आहे," तो म्हणाला. "गोंदियाले. पुढच्या बाजारी ये."

पुढच्या बाजारच्या दिवशी गेले. शेठ गावाला गेला होता. त्याच्या पुढच्या बाजारी शिक्का आला होता, पण सही करणारा मुनीम नव्हता. मधल्या दिवसांत दवाखान्यात जाऊन आले. अकरा मैल, निम्मे पायी. शिक्क्याशिवायच घ्या म्हणून सांगितलं, डॉक्टरला भेटू द्या म्हटलं. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर फक्त कार्डवाल्याला पाहतात. त्यानं मला ओळखलं होतं. "मायले घेऊन ये न, बिडी मस्त वळते," असंही म्हणाला. गोळ्या त्याच्या मागच्या कपाटात होत्या. पांढऱ्या मोठ्या डब्यात, मला खिडकीतून दिसत होत्या. माझा हात आत गेला असता तर पोचला असता इतक्या जवळ.

घरच्या गोळ्या कधीच्या संपायला हव्या होत्या, तरी संपत नव्हत्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला उशीर झाला. एके दिवशी सकाळी पाहिलं तर माय विळ्याच्या टोकानं गोळी कापत होती. अर्धी आज, अर्धी उद्या. पंधरा दिवसांपासून तिचं हेच चाललं होतं. तंबाखू कमी पडली की पानात थोडी थोडी भरून कट्टे पुरे करायचे, पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, ही तिची आयुष्यभराची हुशारी. तीच तिनं गोळ्यांवर चालवली.

"पुरवून पुरवून खाऊन राहिली बाई," ती म्हणाली. वर माझ्याकडं शाबासकीच्या अपेक्षेनं पाहिलं.

मी तिच्यावर ओरडले. खूप ओरडले. तिला कळेना, मी कशाला ओरडतेय.

चौथ्यांदा गेले तेव्हा सट्टेदारानं सरळ सांगून टाकलं. "तुही माय माह्याकडं कामालेच नाही. सही कायची करू?" आणि त्यानं रजिस्टर माझ्या दिशेनं फिरवलं. खाली सपरीच्या काठाशी उभं राहून मला वाचता येत होतं. त्यात आमच्या टोल्यातल्या एकाही बाईचं नाव नव्हतं. होती ती त्याच्या बायकोची, दोन वहिन्यांची, आणि खाटेवर पडून असलेल्या त्याच्या आईची. त्या म्हातारीला तर दिसतही नव्हतं. आमचे सगळ्यांचे कट्टे त्या चौघी वळत होत्या.

हे मला नवीन नव्हतं, खरं सांगायचं तर. टोल्यात सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. काही वर्षांपूर्वी त्यानं बायांना बोलावून सांगितलं होतं की नाव लागलं की सरकार चौकश्या करतं, घरी साहेब येतात, कटकट होते. तुमची नावं नको लावू ना? आणि बाया म्हणाल्या होत्या, नको लावू. माझी माय तर सगळ्यात पुढं होती. नाव कोणाचंबी असो, पानं भेटतात न, असं ती म्हणायची. आम्हीच आमचं नाव काढून दिलं होतं. हात जोडून काढून दिलं होतं.

मग तो गुरुवार आला.

गुरुवारी बिड्या द्यायच्या. दहा-बारा बाया अंगणात ओळीनं बसलेल्या, टोपल्या पुढ्यात. सट्टेदार वरून एकेक टोपली घेऊन छाट काढायचा, म्हणजे वाईट बिड्या बाजूला टाकायचा. छाट मोडून परत तोंडावर फेकायची, ही त्याची रीत. मायच्या अंगात त्या दिवशी उठायची ताकद नव्हती, म्हणून मी एकटीच आले होते. तिचे कट्टे माझ्या टोपलीत मिसळून आणले होते. सगळे एकसारखेच दिसत होते.

त्यानं टोपलीत हात घातला. एक कट्टा उचलला, नुसता बोटांनी चाचपला आणि हसला.

"हा तुहा नोहे. हा भागरताचा हात आहे." मग दुसरा काढला, तिसरा काढला. एकही चुकला नाही. "डोळे झाकून सांगतो मी, कोणाची बिडी कोणती. भागरताची मोड मले ठाऊक नाही का? वीस वर्षं झाले. आता हात ढिला झाला तिचा. खोकलून राहिली म्हणे? बिमार असन तं पानं नेऊ नको तिच्यासाठी." आणि त्यानं ते कट्टे मोडून माझ्या पुढ्यात फेकले. तंबाखू माझ्या मांडीवर सांडली.

मी खाली पाहत होते. मला त्या बिड्या दिसत होत्या. टोकं मोडलेली, तिच्याच पद्धतीनं, डावीकडून आत. डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली. ह्याला हात ओळखू येतो. वीस वर्षांचा हिशेब ह्याच्या बोटात आहे. फक्त नाव ओळखू येत नाही.

मी उठले. फॉर्म पोलक्यात होता, तो काढला. आणि सपरीवर चढले. आमच्यातलं कुणी त्या सपरीवर चढलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार पायऱ्या होत्या. मी त्याच्या रजिस्टरवर फॉर्म ठेवला.

"लिवा," म्हणाले.

"खाली उतर."

"आधी लिवा. भागरता माह्याकडं बिडी वळते म्हणून लिवा."

"ते माह्याकडं कामाले नाही."

"मंग ही छाट कोणाची काढली? तुमच्या आईची?"

अंगणात एक बाई फिस्सकन हसली. बाकी सगळ्या जमिनीकडं पाहत होत्या. त्यानं माझ्या दंडाला धरून मला पायऱ्यांवरून लोटलं. मी पडले. कोपर फुटलं. फॉर्म माझ्या हातातच होता. त्या दिवसापासून आमच्या घराची पानं बंद झाली. बाकीच्या बायांनी आपापली पानं घेतली आणि घरी गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, पण विसरलेही नाही.

माय रोज म्हणायची, जाय, माफी माग. पाय धर त्याचे. "तुह्यानं होत नसन तं मी जातो." ती खाटेवरून उठायचीसुद्धा. मी तिला परत निजवायचे. भंडाऱ्याला पुन्हा गोळ्या आल्या तेव्हा तिला तिकडं नेलं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि विचारलं, मध्ये खाडा केला होता का? मी म्हणाले, अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, आता ह्या गोळ्या हिला लागू पडणार नाहीत. दुसरं औषध त्यांच्याकडं नव्हतं, नागपूरला होतं, आणि तेही कार्डावरच.

पावसाळा लागायच्या आत माय गेली.

मी माफी मागितली असती तर ती जगली असती का? लोक मला हे विचारतात. मीही स्वतःला विचारलं, खूप वर्षं. आता विचारत नाही. प्रश्न ज्याला विचारायला पाहिजे त्याला कुणी विचारत नाही, म्हणून मीही स्वतःला विचारायचं बंद केलं.

मी रोजीनं दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जात होते. त्यातून वेळ काढून टोल्यात घरोघर बसले. जी बाई खोकत नव्हती, तिच्याकडं आधी गेले. म्हटलं, धडधाकट आहेस तोवर कार्ड काढ. आजारी पडल्यावर कुणी ओळखत नाही. सहा महिने लागले. पहिल्यांदा आली ती कौतिकाबाई, त्या दिवशी अंगणात हसली होती तीच. मग एकेक करत अकरा झाल्या. सट्टेदाराच्या सहीच्या जागी आम्ही एकमेकींच्या सह्या केल्या: हिला बिडी वळताना मी रोज पाहते. ज्यांना सही येत नव्हती त्यांना शिकवली. अंगठा मी कुणाला लावू दिला नाही.

अकरा जणी घेऊन मी त्या खिडकीवर गेले. कंपाउंडर तोच होता.

"कोण बिमार आहे?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "म्हणूनच आलो."

त्यानं फॉर्म चाळले. "सट्टेदाराची सही नाही. हे चालत नाही." मग सगळ्यात खालचा कागद त्याच्या हाती लागला. जुना, घड्या पडलेला, एका कोपऱ्याला माझ्या कोपराचं रक्त वाळलेलं. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं. "हे तं मेली न?"

"हो."

"मंग हे कायले आणलं?"

"तिनं इथं उभी राहून बिडी वळली होती," मी म्हणाले. "तुम्ही ओढली होती. तिचं नाव लिवा."

तो म्हणाला, मेलेल्याचं कार्ड होत नाही, नियम नाही. मी म्हणाले, मग जिवंत असलेल्यांचं करा, पण सुरुवात तिच्या नावापासून करा. त्यानं खिडकीची फळी आतून ओढून घेतली.

मी खिडकीखाली जमिनीवर बसले. माझ्यामागं अकरा जणी बसल्या. कुणीतरी सवयीनं पिशवीतून सूप काढलं, पानं काढली. मी तिचा हात धरला.

"ठेव ते," म्हणाले. "नाव लागेस्तोवर इथं कोणी बिडी वळायची नाही."