काल्वोचं सोयर

माझ्या लग्नाला चार दिवस राहिले होते, तेव्हा बाबा टीव्हीसमोरून उठले, धोतरासकट नळाखाली बसले आणि ओलेच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत काही येईनात. आई चिवड्याचे पोहे भाजत होती.

"सोयर लागलं," बाबा म्हणाले.

"कोणाचं?" आईनं विचारलं. तिला वाटलं, मूर्तिजापूरच्या काकांकडं कोणी बाळंत झालं.

"काल्वोला मुलगी झाली."

आता हे कसं झालं ते सांगते. शांतपणे सांगते, कारण आई म्हणते माझा आवाज फार चढतो.

माझे बाबा म्हणजे हरिहर गुरुजी. अमरावतीतल्या अर्ध्या मुंजी अन् लग्नं त्यांच्या हातची. स्कूटीला समिधांची पिशवी अडकवून गावभर फिरतात. आयुष्यात रॅकेट धरली ती फक्त डास मारायची. सात वर्षांपूर्वी ते एका कोचिंग क्लासच्या वास्तुशांतीला गेले. यजमानाची आंघोळ आटपेना, म्हणून बसले टीव्ही पाहत. टीव्हीवर टेनिस होतं, आणि स्पेनचा कोणी आंद्रेस काल्वो लाल मातीच्या मैदानात शिरत होता. शिरायच्या आधी तो वाकला, चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "भूमिपूजन केल्याशिवाय आत जात नाही," ते म्हणाले, "कर्मठ माणूस आहे." त्या दिवशी वास्तुशांत पाऊण तास उशिरा सुरू झाली, आणि उशीर यजमानामुळे झाला नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्यात, लाल मातीवरच्या त्या मोठ्या स्पर्धेचे दोन आठवडे, आमच्या घरात दुसरा विषय नसतो. काल्वो गवतावर खेळला तर बाबा पाहत नाहीत. गवत म्हणजे त्याचा धंदा, माती म्हणजे त्याचा धर्म, असं त्यांचं म्हणणं. आमची वऱ्हाडातली माती काळी. ओली झाली की चप्पल ठेवून घेते. अशा मातीत वाढलेल्या माणसाला मातीवरून हातभर घसरत जाऊन बॉल मारणाऱ्याचं जेवढं कौतुक वाटावं तेवढं त्यांना वाटतं. जाळीला लागून हळूच टाकलेल्या बॉलला ते "पळीभर सोडलं" म्हणतात. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.

काल्वो नऊ वेळा ती स्पर्धा जिंकला होता. यंदा दहावी खेप, आणि त्याचा गुडघा दुखत होता. म्हणून बाबांनी अनुष्ठान धरलं. स्पर्धा संपेपर्यंत रोज अकरा वेळा रुद्र म्हणायचा. इथवर ठीक होतं. कोणाला पत्त्यांचा नाद असतो, कोणाला तंबाखूचा. पण अनुष्ठान धरायचं तर आधी हातावर पाणी घेऊन संकल्प करावा लागतो, आणि संकल्पात ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव, गोत्र आणि आपलं त्याच्याशी नातं सांगावं लागतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, हा नियमच आहे. आमचंही काश्यपच. राहिलं नातं. यजमान म्हणावं तर यजमानानं दक्षिणा दिली पाहिजे, नाही तर त्याला फळ पोचत नाही. स्पेनहून दक्षिणा कोण पाठवणार? घरच्या माणसासाठी केलं तर दक्षिणा लागत नाही. म्हणून बाबांनी सरळ "मम पुत्रस्य आंद्रेसशर्मणः" म्हणून पाणी सोडलं. आम्हाला सांगितलंही नाही.

आणि घराण्यात लेकरू जन्मलं की दहा दिवस सोयर. देवाला हात लावायचा नाही, कोणतंही शुभकार्य करायचं नाही.

आईनं गॅस बंद केला. "अहो, तो तुमचा मुलगा म्हणजे मी त्याची आई झाले. मला कोणी विचारलं?"

"घाईत राहून गेलं," बाबा म्हणाले.

"आणि रविवारी जुईलीचं कन्यादान कोण करणार?"

रविवारी सकाळी अकरा सत्तेचाळीसचा मुहूर्त होता. तो त्यांनीच काढला होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला फायनल आहे हे मला नंतर कळलं. तो योगायोगच, असं ते म्हणतात.

"मूर्तिजापूरचे काका करतील," शेवटी ते म्हणाले. "नाही नाही, तेही भाऊबंदच. त्यांनाही लागलं."

तेव्हा माझा आवाज चढला. चढणारच न. चारशेच्या वर मुलींची लग्नं लावली या माणसानं. कन्यादानाच्या वेळी लोकांच्या बापांचा गळा दाटून यायचा, तेव्हा बाबाच त्यांच्याकडून शब्द न् शब्द वदवून घ्यायचे. लहान होते तेव्हा मी त्यांच्यासोबत जायची, अक्षतांचं ताट धरायची, आणि मनात म्हणायची की माझ्या वेळी बाबांना कोणी सांगायची गरज पडणार नाही. आणि आता माझ्या वेळी ते मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसणार, काहून, तर कुठल्याशा देशात कुठलीशी बाई बाळंत झाली.

"मला तुमच्याच हातून जायचं आहे," मी म्हणाले. "नाही तर मी जातच नाही."

एवढं बोलून मी खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेरून रुद्राचा आवाज आला. मी धावत बाहेर आले. देवघराबाहेर पाट टाकून बाबा आवर्तनं करून राहिले होते.

"हे कसं चालतं सोयरात?" मी विचारलं.

"प्रारंभ झालेल्या कर्माला सोयर लागत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "अनुष्ठान आधीच सुरू झालं आहे. तुझं नांदीश्राद्ध शनिवारी. ते आधी झालं असतं तर लग्नाचाही प्रारंभ झाला असता."

म्हणजे त्याचं चालू आणि माझं बंद. असा राग आला की सांगता सोय नाही. त्यात आई बाहेर आली आणि तिनं विचारलं, "मुलगी किती वजनाची आहे म्हणे?"

माझा होणारा नवरा अद्वैत अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो. मला वाटलं, हा तरी डोक्यानं चालेल. फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"बाबा, तो तुमचा मुलगा आहे याला पुरावा काय?" अद्वैतनं विचारलं.

"मी पाणी सोडलं आहे."

"साक्षीदार?"

"अग्नी, सूर्य आणि घरचे देव."

अद्वैत म्हणाला, "यांची उलटतपासणी नाही घेता येत." वकील आहे म्हणे.

गुरुवार असाच गेला. बाबा जेवायला वेगळे बसत होते. आईला न विचारता केलेल्या मुलाचं सोयर आम्हा दोघींना लागत नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं. काल्वो मात्र उपांत्यपूर्व सामना तीन सेटमध्ये जिंकला होता. बाप झाल्याचा आनंद, असं बाबा म्हणाले.

शुक्रवारी दुपारी तेल्हाऱ्याहून खुशालराव आणि कौशल्याकाकू आले. खुशालराव बाबांचे जुने यजमान, कापसाची शेती, चाळीस एकर. दरवर्षी आमची तूरडाळ त्यांच्याकडूनच येते. लग्नासाठी दोन दिवस आधीच आले होते. घरात कोणी धड बोलेना, म्हणून त्यांनी आईला विचारलं आणि आईनं सगळं सांगितलं. खुशालरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"महाराज," ते म्हणाले, "पोरीचं लगन अडून राहिलं न. तुमाले त्याले ठेवून काय करायचं हाय? मले देऊन टाका दत्तक. गोत्र सुटलं का सोयर सुटलं."

मला वाटलं ते थट्टा करून राहिले. पण खुशालराव थट्टा करत नाहीत. त्यांना मूलबाळ नाही, आणि या विषयावर त्यांना थट्टा करताना कोणी पाहिलेलं नाही. कौशल्याकाकूंनी पदर सावरला आणि बाबांकडं पाहू लागल्या.

बाबांनी पोथी काढली. म्हणजे मला काढायला लावली, आणि लांबून वाचली. वाचून त्यांचं तोंड उतरलं. "एकुलता एक मुलगा दत्तक देता येत नाही. थोरलाही देऊ नये."

"मग आणखी एक करा," मी म्हणाले. माझी शुद्ध गेली होती तोवर. "थोरला करा. तुम्हाला काय, पाणी सोडायचं फक्त."

साडेपाचला उपांत्य सामना सुरू झाला. बाबा बराच वेळ खेळाडूंकडं न बघता उंच खुर्चीवर बसलेल्या पंचाकडं बघत राहिले. पन्नाशीचा, टक्कल पडलेला गडी. दुसऱ्या सेटला बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि डोळे उघडले. मनातल्या संकल्पाला सोयर नसतं. "हा थोरला," ते म्हणाले. "खोटं बोलत नाही, आणि वय पाहता याच्याकडून सोयराची भीती नाही."

अद्वैतला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला की होमाची गरज नाही, बापानं दिला आणि दुसऱ्यानं घेतला की दत्तक झालं. पुढं त्यानं मला एकटीला सांगितलं, की लग्न झालेल्या माणसाला कायद्यानं दत्तक देताच येत नाही. "मग तेव्हा काहून नाही बोललास?" मी विचारलं. "मला लग्न करायचं होतं," तो म्हणाला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा खरोखर आवडला.

द्यायला काल्वो काही हजर नव्हता, म्हणून वर्तमानपत्रातला त्याचा फोटो कापला. त्यात तो गुडघ्यापर्यंत लाल मातीनं भरलेला होता. बाबांनी फोटो दोन्ही हातांत धरला. खुशालराव समोर बसले. बाबा म्हणाले, "दिला." आणि फोटो सोडेनात. खुशालरावांनी थोडा ओढला, तरी सोडेनात.

"महाराज, फाटंन," खुशालराव हळूच म्हणाले.

बाबांनी सोडला. त्यांचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं आणि, खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्या साखरपुड्याला हा माणूस रडला नव्हता.

खुशालराव म्हणाले, "घेतला." कौशल्याकाकूंनी फोटो ओटीत घेतला. मग त्यांनी बाबांना विचारलं, "त्याले खायाले काय आवडते?" बाबांनी सांगितलं, की दोन सेटच्या मधे तो केळं खातो. काकूंनी मान हलवली. त्यांना आता दहा दिवस सोयर होतं. त्या उठल्या, देवघरापासून लांब, भिंतीकडं जाऊन बसल्या, आणि कोणी जवळून गेलं की सांगायच्या, "शिवू नका बाई, आमाले नात झाली." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की माझी आई आतून डिंकाचे लाडू घेऊन आली. बारशाला अख्ख्या तेल्हाऱ्यात घुगऱ्या वाटल्या म्हणतात. पाळण्यात काल्वोचा तोच फोटो ठेवला होता.

शनिवारी नांदीश्राद्ध झालं. फायनलचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको: काल्वो पाच सेटमध्ये जिंकला, बाबांनी तो सामना पाहिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिला फोन तेल्हाऱ्याहून आला.

रविवारी अकरा सत्तेचाळीसला अक्षता पडल्या. मग कन्यादान. खाली काशाचं भांडं, त्यावर अद्वैतची ओंजळ, त्यावर माझी, सगळ्यांत वर बाबांची. आई झारी घेऊन उभी. लग्न लावायला आलेल्या गुरुजींना काही सांगावंच लागत नव्हतं. बाबा स्वतःच धडाधड म्हणून राहिले होते. आपलं गोत्र, आपल्या पणजोबांचं नाव, आजोबांचं, स्वतःचं. मग अद्वैतचं गोत्र आलं आणि बाबा थांबले.

गुरुजींनी पुढचा शब्द सांगितला. पुन्हा सांगितला. मांडवातले लोक बघायला लागले.

"काय झालं?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"हे म्हटलं की तुझं गोत्र बदलतं, जुई," बाबा म्हणाले. "मग तुझ्या घरी लेकरू झालं तर मला सोयर लागणार नाही."

मी माझी ओंजळ वर, बाबांच्या हातांना टेकवली.

"काल्वोच्या पोरीचं पाळलं मी," बाबा म्हणाले. "पाहिलीसुद्धा नाही तिला."

"अहो, धार धरू का?" आईनं विचारलं. तिचा हात भरून आला होता.

"थांब," बाबा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, गुरुजींना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "मी पाळीन. दहाच्या दहा दिवस पाळीन. शास्त्राला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

आणि आईला म्हणाले, "आता धर."