मसाई पठारावरची सतरंजी
शेजारून तांबड्या रश्श्याचा वास आला की मला मसाई पठार आठवतं. बायको गेल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. पोरं पुण्यात, म्हणून पठारावर एकटाच गेलो होतो. काळ्या ओल्या खडकावर बोटभर माती, तिच्यात सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुलं, अंगाला झोंबणारा वारा, आणि माझी माहिती ऐकायला कोणी नाही. घरचे त्या माहितीला कंटाळायचे, पण निदान सोबत असायचे. तेवढ्यात उचगावचं एक कुटुंब रश्श्याचं भांडं घेऊन आलं आणि नेमकी फुलांवरच सतरंजी अंथरू लागलं. मी ओरडलोच, "पावणं, तिथं नको! बी धरायच्या आधी दबलं तर पुढच्या वर्षी उगवायचं न्हाय. नाव रडकं हाय, पण किडे खातंय बरं का हे!" त्यांच्यातल्या वहिनींनी विचारलं, "सरकारी माणूस हाय व्हय तुम्ही?" म्हटलं, "न्हाय ओ, खोड हाय." सगळे हसले, सतरंजी उघड्या खडकावर गेली आणि माझ्यासाठी जागाही झाली. "बसा की, दोन घास खाऊन जावा." आज कोणी म्हटलं तर लगेच मांडी घालीन. तेव्हा मात्र म्हणालो, "नको, खाली आमची माणसं थांबल्यात." खाली माझी स्कूटर तेवढी उभी होती.