अण्णांच्या कपाळावरचा बाम

आज शेजारणीने बामाची डबी उघडली आणि अण्णांचं कपाळ आठवलं. त्यांच्या डोक्यात साचलेलं पाणी पोटात उतरवायला डॉक्टरांनी नळी बसवली, तसे माझे वडील पुन्हा चालायला लागले. मग चतुर्थीला हट्टाने राजूरच्या गणपतीला पायी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बसलो की डोकं दुखतं, पडलो की बराबर."

"एवढं चालून आल्ता, थकवा असंल. पडून राहा," म्हणत मी बाम चोळला. कानामागची नळी बोटांना लागत होती. तिच्यातून पाणी जास्तच उतरून डोक्यात रक्त साचत होतं, हे फार उशिरा कळलं.

त्या दुपारी मात्र डोळे मिटून अण्णा म्हणाले होते, "तुझ्या हाताला गुण हाये गं माय."