साक्षीदाराची सही

माझी मावशी निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. हाडाची काडं करून तिनं दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. आमच्या सगळ्या नात्यात बाईच्या नावावर असलेलं ते एकच घर.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बेळगावात मराठी शाळेत शिकवत होते. मावशीनं शेजारणीकडून पत्र लिहून घेतलं होतं, 'घर पुतण्याला बक्षीसपत्र करून देतेय, सहीला ये.' पुतण्या म्हणजे तिच्या थोरल्या दिराचा मुलगा. आधी तो तिच्या दारात फिरकत नसे. मोतीबिंदूनं तिला दिसेनासं झालं आणि तो रोज येऊ लागला. कौलं परतून दिली, दवाखान्यात नेलं, जेवणाचा डबा आणला. मावशी म्हणायची, "मी हाय तवर घरातच ऱ्हाणार. माझ्या मागं त्याचं. तसंच ठरलंय."

मी गेले त्या दिवशी त्यानं भाड्याची मोटार आणली होती.  नोंदणी कचेरीबाहेर झाडाखाली बाँड लिहिणारा बसला होता, कागद आधीच टाइप करून तयार. सगळा कानडीत. नोकरीसाठी मी कानडीची परीक्षा दिली होती, पण अक्षर लावत लावत वाचावं लागायचं. वाचताना 'स्वाधीन' या शब्दाशी थांबले. तो मराठीतही तोच. घर आजच, पूर्णपणे स्वाधीन केलं आहे, असा अर्थ होता. पुढं पुन्हा पुन्हा पाहिलं. मावशीच्या राहण्याबद्दल एक ओळ नव्हती.

"मावशी मरेपर्यंत राहणार, ते कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

बाँड लिहिणाऱ्यानं माझ्याकडं नाही, पुतण्याकडं पाहिलं.

पुतण्या हसला. "आक्का, घरच्या माणसांत असलं लिवायचं असतंय व्हय?"

मावशीला आमच्या आवाजांवरून काय कळलं कोण जाणे. तिनं चाचपडत माझा हात धरला. "कर गं सही. लोकं खोळंबल्यात."

आत साहेबांनी मोडक्या मराठीत विचारलं, "खुशीनं देता?" ती म्हणाली, "व्हय." अंगठा उठवताना पुतण्यानं तिचं मनगट धरलं होतं. खाली मी सही केली.

घरी आलो तेव्हा दाराची किल्ली त्यानं तिच्या हातातून घेतली, कुलूप काढलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मावशी हात पुढं करून थोडा वेळ तशीच उभी होती.

सुट्टीत पुन्हा गेले तर बाहेरच्या खोलीत छतापर्यंत तंबाखूची पोती. खोली त्यानं व्यापाऱ्याला दिली होती. मावशीची बाज स्वयंपाकघरात, चुलीला लागून. सगळ्या घरात तंबाखूची झोंबणारी धूळ भरलेली, श्वास घेईल तो खोकेल अशी. हमाल विचारल्याशिवाय आत-बाहेर करत होते. तिनं माझ्या पावलांचा आवाज ओळखला नाही. विचारलं, "कोण? हितं बसू का उठू?"

त्याच दिवशी मी तिला बेळगावला आणलं. मग कागदाची नक्कल काढून चिकोडीच्या एका वकिलाकडं गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"हे साक्षीदार कोण?"

"मीच."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शिक्षिका. कानडी येतं. मग कोर्टात काय सांगणार, वाचलं नव्हतं म्हणून?"

मी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली आणि उठले.

मावशी चार वर्षं आमच्याकडं राहिली. खोकला गेला नाही. एकदा भाजी निवडताना तिनं सहज विचारलं, "तुला त्या दिवशी वाचता आलतं, न्हाय?"

"आलतं."

ती देठं खुडत राहिली. म्हणाली, "मला वाटलंच."

मावशी वारली, त्याच्या तिसऱ्या दिवशी पुतण्या आला. बसला नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या कुठं आहेत, एवढंच विचारलं. मी ट्रंकेतून काढून दिल्या.

पुढं शाळेतल्या एका मैत्रिणीनं आपल्या घराच्या कागदावर साक्षीला बोलावलं. मी नाही म्हटलं, कारण सांगता आलं नाही. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.