लिव्हरच्या बुडाची लाल चिंधी

आमच्या अण्णांचा पिकअप अण्णांच्याच पोकलेनखाली चेपला, तेव्हा दोन्ही गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

हे वाक्य मी आजवर विमावाल्याला, दोन मावश्यांना आणि आमच्या मंडळाच्या बैठकीत सांगून पाहिलं. कुणाचाही विश्वास बसत नाही. म्हणून आता लिहूनच टाकते. लिहायची मला सवय आहे. चार वर्षं झाली, मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि नाशिक रोड स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. लोक त्यांचे पुडे करून शेंगदाणे खातात, तरी वाटते! प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य एकच असतं : 'प्रश्न विचारा!!' ठळक अक्षरात, दोन उद्गारचिन्हांसकट. (छापखानेवाला दर वेळी एक उडवतो. आमचं त्यावरून भांडण चालू आहे.)

अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं पोकलेनचे ऑपरेटर. घरचं मशीन त्यांनी घेतलं तेव्हाच जुनं होतं, आता तर सगळे त्याला 'म्हातारी'च म्हणतात. सिन्नरपासून लासलगावपर्यंतची निम्मी शेततळी म्हातारीने खोदली, असं अण्णा सांगतात. (उरलेली निम्मी चुकीची खोदलीत, असंही सांगतात.) पण तीस वर्षांच्या धक्क्यांनी अण्णांचे गुडघे खाल्ले. डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता मशीनवर चढ-उतार बंद.

दुसरा कुणी असता तर खाटेवर बसला असता. अण्णांनी जुना पिकअप घेतला.

त्यांची कल्पना सोपी होती. जुनं मशीन बंद पडतं ते नेहमी रस्त्यापासून लांब, चिखलात, आणि मेकॅनिक तिथे यायला तयार नसतो. आपणच गाडी घेऊन जायचं. जुन्या मशिनांचा फिरता दवाखाना! आठ महिने ते त्या पिकअपला सजवत होते. एका बाजूला डिझेलचा पिंप आणि हातपंप. दुसऱ्या बाजूला पत्र्याचे चौदा कप्पे, प्रत्येकावर आत काय आहे त्याचं चित्र, कारण अण्णांना वाचायचा चष्मा लावायला आवडत नाही. हायड्रॉलिकचे पाइप आखूड-लांब असे आकड्यांना टांगलेले. मागच्या फळीवर सुटे भाग घट्ट धरायचा शिकंजा. ग्रीसचा डबा कलंडू नये म्हणून त्याला स्वतंत्र खोबण!

"माझ्या स्वयंपाकघरात एक खिळा ठोकायला तुम्हाला आठ महिने वेळ नाही," आई म्हणाली, "आणि इथे ग्रीसला बंगला?"

राहिला होता फक्त कॉम्प्रेसर. नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका भंगारवाल्याकडून आणलेला, चार माणसांना न हलणारा. तो रविवारी सकाळी म्हातारीनेच उचलून पिकअपमध्ये ठेवायचा, असं ठरलं. म्हातारीच्या हातून दवाखान्याचं उद्घाटन. अण्णांचे जुने ऑपरेटर मित्र येणार, पोहे आणि जिलबी होणार.

आणि मी ठरवलं, हा कार्यक्रम शंभर टक्के अंधश्रद्धामुक्त झाला पाहिजे.

त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, दोन्ही गाड्यांपाशी पोचले. हातात कात्री. पुरावे ढीगभर! पिकअपच्या बंपरला लिंबू-मिरची. आरशाला काळी बाहुली. मागे जुनी चप्पल! मी एकेक कापत गेले. मग म्हातारीच्या केबिनमध्ये चढले, आणि बघते तर काय, डाव्या लिव्हरच्या बुडाशी एक लाल चिंधी. ग्रीसने काळवंडलेली, तीन गाठी मारलेली.

माझं डोकं फिरलं. सख्खे वडील! तीस वर्षांचा अनुभव, आणि भरवसा चिंधीवर? आम्ही स्टेशनबाहेर उन्हात उभं राहायचं, आणि घरातल्या मशीनने गंडेदोरे बांधायचे? कच्चकन कापली. पिशवीत टाकली. मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळाही तयार झाला.

नऊच्या सुमारास खुर्च्या भरल्या. सटाण्याकडचे गुलाबनाना आले. हे अण्णांपेक्षा मोठे, यांनीच अण्णांना मशीन शिकवलं. पोहे हातात आले आणि नेहमीचा वाद सुरू झाला.

"नवं मशीन म्हणजे टीव्ही शे टीव्ही!" गुलाबनाना म्हणाले. "जरा धूळ गेली का पडद्यावर लाल दिवा. मग लॅपटॉपवाला येणार, तो म्हणणार, सेन्सर गेला."

"पण नाना, एसी असतो," माझा चुलतभाऊ संतोषदादा म्हणाला. तो रस्त्याच्या कामावर नवंकोरं मशीन चालवतो. "तुमच्या म्हातारीत उन्हाळ्यात बसलं की माणसाचा पापड होतो."

"म्हातारीला ताप आला तर कान लावला की कळतं," अण्णा म्हणाले. "तुझ्या मशीनला कान लावून बघ, गाणी ऐकू येतील."

सगळे हसले. मग अण्णा उठले. "उचलतो मी. शेवटचं एकदा."

"अहो, गुडघे!" आई.

"गुडघ्यांनी नाही उचलत, मशीनने उचलतो."

ते चढले. म्हातारीने काळा धूर सोडला, खोकली, आणि मग साखळीला बांधलेला कॉम्प्रेसर असा अलगद वर गेला की मी कात्री-बित्री विसरले. अण्णांनी एकदाही हाताकडे पाहिलं नाही. कॉम्प्रेसर वळून पिकअपवर आला आणि फळीपासून हातभर वर थांबला. आता फक्त थोडा पुढे सरकवून खाली टेकवायचा होता. तेवढ्यात अण्णांचा पाय आखडला.

"संतोष, ये रे वर. एवढं ठेव."

गुलाबनानांनी हात धरून अण्णांना उतरवलं आणि खुर्चीकडे नेलं. संतोषदादा केबिनमध्ये बसला, त्याने खाली वाकून पाहिलं आणि इंजिनच्या आवाजात मला ओरडून विचारलं, "मने, चिंधी गेली? काकांनी शेवटी ऐकलं म्हणायचं!"

आता खरं उत्तर काय होतं? 'अण्णांना माहीतच नाही, मी कापली.' पण चळवळीतल्या माणसाला विजय कमी करून सांगता येत नाही. मी ओरडले, "ऐकावंच लागलं! दोन वर्षं मागे लागले होते!"

"अगं, मी पाच वर्षं मागे लागलोय! वा गं, वाघीण!"

संतोषदादाने माझ्याकडे आयुष्यात पहिल्यांदा आदराने पाहिलं. मी लगेच त्याच्या हातात एक पत्रक दिलं. (सीट फाटलेली होती. तो पत्रक पसरून त्यावर बसला.)

मग त्याने डावा लिव्हर पुढे ढकलला.

कॉम्प्रेसर पुढे गेला नाही. सरळ खाली आला! त्याच्यामागून म्हातारीचा अख्खा हात खाली आला! डिझेलचा पिंप वाटाण्यासारखा फुटला. संतोषदादा घाबरला आणि मशीनचा हात वर उचलायला म्हणून त्याने उजवा लिव्हर मागे खेचला. हात वर गेला नाही, मागे आला! येताना पिकअपची एक बाजू, पाइपांचे आकडे, शिकंजा आणि चौदापैकी अकरा कप्पे घेऊन आला!

"चिंधी!" अण्णा खुर्चीतून ओरडले. "अरे, चिंधी बघ! चिंधी!"

आणि मी काय केलं? डोळ्यांसमोर पिकअपचा पापड झालेला असताना, सगळ्या पाहुण्यांदेखत, ठणकावून म्हणाले, "अण्णा, चिंधीने काही होत नसतं!"

इंजिन बंद झालं. डिझेलचा थेंब-थेंब आवाज ऐकू यायला लागला.

"पोरी," गुलाबनाना हळूच म्हणाले, "ती काय नवसाची चिंधी नव्हती. पाटी होती ती."

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. नव्या मशीनमध्ये डावा लिव्हर पुढे ढकलला की हाताचं कोपर लांब होतं. म्हातारीसारख्या जुन्या मशीनमध्ये तोच लिव्हर ढकलला की अख्खा खांदा खाली येतो. उजव्याचंही तसंच, नव्यात तो मागे ओढला की खांदा उठतो, म्हातारीत कोपर आत येतं. नवा माणूस जुन्या मशीनवर बसला तर त्याला कळावं म्हणून आपल्याकडचे लोक बुडाशी लाल चिंधी बांधतात : सांभाळ, इथे हात उलटा आहे. चिंधी दिसली नाही, तर मालकाने पाइप बदलून मशीन नव्यासारखं करून घेतलं, असं समजायचं. संतोषदादा पाच वर्षं त्याच्याच मागे लागला होता.

"मनीच म्हणाली, काकांनी ऐकलं!" तो रडकुंडीला आला होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काय ऐकलं?"

मी चौकात, बसस्टँडवर, एकदा तर बंद पडलेल्या माइकवर भाषण केलेलं आहे. त्या वेळी मात्र मी फक्त पिशवीतून चिंधी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ते पिकअपपाशी गेले. उरलेल्या तीन कप्प्यांतला एक उघडला, दुसरा अडकला होता तो हळूहळू सोडवला, आणि खाली सांडलेले पाने वेचून जिलबीच्या रिकाम्या खोक्यात भरायला लागले.

"लिंबू-मिरची तुझ्या आईची," मान वर न करता ते म्हणाले. "बाहुली दुकानदाराने फुकट दिली. चिंधी तेवढी माझी होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, मने."

उद्गारचिन्ह नाही. एकही नाही.

विम्याच्या अर्जात 'अपघाताचे कारण' असा रकाना होता. मी खूप विचार करून लिहिलं, 'प्रबोधन'. अर्ज परत आला.

संतोषदादा आणि गुलाबनाना आता दर रविवारी येतात, पत्रा ठोकतात. कप्पे सहापर्यंत आलेत. चित्रं मी काढते. पान्याचं चित्र काढलं होतं, अण्णा म्हणाले, "हा मासा कुठल्या कप्प्याचा?" परवा लासलगावकडून फोन आला, एक जुनं मशीन तळ्यात बसलंय, उठत नाही, याल का? अण्णांनी फोन कानाला तसाच धरून पिकअपकडे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी तयार नाही अजून." मी पत्रकांच्या गठ्ठ्याआड लपले.

म्हातारीला त्यांनी नवी चिंधी बांधली. जुनी दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरच्या हँडलला सापडली. तीन गाठी मारलेली.

"हे काय?" मी आईला विचारलं.

"नव्या माणसाला कळावं म्हणून," आई कणीक मळत म्हणाली.

मी ती काढलेली नाही. तशीच स्टेशनबाहेर गेले आणि पत्रकं वाटायला उभी राहिले. एक आजोबा थांबले. पत्रक पूर्ण वाचलं, शेवटच्या ठळक वाक्यापर्यंत. मग स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, अंधश्रद्धेवर पत्रकं वाटता, आणि स्वतःच्या गाडीला ही चिंधी कशाला हो?"

चार वर्षं मी ओरडते आहे, प्रश्न विचारा, प्रश्न विचारा. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारला. आणि त्यांच्या हातात कात्रीसुद्धा नव्हती!