गायरानाची काडेपेटी

जळक्या गवताचा वास आला की शाहूवाडीकडचं आमच्या गावचं गायरान आठवतं. चरून चरून त्याचा नुसता मुरूम उरला होता, म्हणून पंचाहत्तर सालाच्या सुमारास आम्ही चौघांनी गावाशी भांडून तिथं गुरं सोडणं बंद केलं आणि उतारावर माती-पाणी अडवायला दगडी ताली घातल्या. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं, ससे फिरकू लागले. दिवाळीनंतर घरोघर वैरण वाटली आणि बी पडावं, पाखरांना आडोसा राहावा म्हणून निम्मं गवत उभंच ठेवलं. चैत्रात, गावानं माळावर नेमलेल्या म्हाताऱ्या राखणदारानं माझ्याकडं काडेपेटी मागितली. विडीसाठी असेल म्हणून मी दिली. तासाभरात माळ पेटला. ओल्या डहाळ्यांनी आम्ही आग झोडपत राहिलो, पण वारं आवरेना. विझल्यावर राखेत एक तित्तिराची मादी दिसली, अंड्यांवर बसल्याजागी कोळसा झालेली. म्हातारा शेजारी येऊन म्हणाला, "जुनं जाळल्याबिगर नवं जोमानं येत न्हाय की. आमचा बा बी असंच करायचा." त्याला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं काडेपेटी माझ्या हातात परत ठेवली. दुसऱ्या दिवशी गावानं त्याला राखणीवरून काढलं आणि गुरं पुन्हा माळावर सोडली. काडी कुणाची, असं चावडीत विचारलं तेव्हा तो खाली बघत गप्प राहिला. मीही गप्प राहिलो, तो आजतागायत.