ताईच्या गिटारवरची पितळी पट्टी

बायकोला नाही, आईला नाही, ज्याच्याबरोबर रोज चहा पितो त्या दोस्तालाही नाही — हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कारण गेल्या रविवारपासून माझा जीव नुसता तळमळतोय, आणि तुम्ही ताईला ओळखत नाही.

माझी ताई डावखुरी. डावखुऱ्यांची इलेक्ट्रिक गिटार आमच्या संभाजीनगरात सहजासहजी मिळत नाही. उजवी गिटार उलटी धरून वाजवायला ती कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, घरीच बनवते. वखारीतून सागाची जाड फळी आणली आणि सिडकोतल्या आमच्या गच्चीवर, पत्र्याखाली कामाला लागली. कॉमर्सची पोरगी! मेकॅनिकलचा डिप्लोमा माझा — आणि हात मात्र तिचे. गिटारचा वरचा भाग तिनं गोल पटाशीनं कोरला, मध्ये फुगीर आणि कडेला उतरता. येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवायचा. मला ते बघवायचं नाही. सरळच सांगतो — जळायचो मी.

त्या वर्षी मे महिन्यात ती मावसबहिणीच्या लग्नाला सिल्लोडला गेली. जाताना म्हणाली, "ऊन लई आहे. गिटारवर तेवढी चादर टाक." बस, एवढंच काम होतं माझ्याकडं.

चादर टाकायला गेलो तर आवाजाची बटणं बसणार होती त्या जागेजवळ बारीकसा खड्डा दिसला. नखाला लागेल एवढाच. मला बरंच वाटलं — सापडली एकदाची चूक! म्हटलं, आपणच काढून टाकू, ती आली की दाखवू. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावली. आता खड्डा काढायचा म्हणजे काय? भोवतीचं लाकूड खाली आणायचं. ते खाली गेलं की शेजारी नवा खोलगटपणा. तो काढायला आणखी घासा. लाईट गेली, आली, पुन्हा घासलं. घामानं डोळे चुरचुरत होते आणि ती जागा काही सारखी होईना. थांबता येत नव्हतं का? येत होतं. पण हरल्यासारखं वाटत होतं — लाकडापुढं की ताईपुढं, ते विचारू नका.

विसरलो ते एकच. वायरिंगसाठी तिनं मागच्या बाजूनं तिथंच पोकळी कोरली होती. चकती आरपार गेली. अंगठा जाईल एवढं भोक.

भुसा झाडला. ग्राइंडर जागेवर ठेवला. चादर टाकली — आता मात्र अगदी नीट टाकली.

तरीही ती आली तेव्हा सांगणार होतो. पण तिनं चादर उचलली, फळी उलटी करून पोकळीत बोट घातलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मागनं लई खोल गेले का काय मी? वरून घासून पातळ झालं असंल, ऊन लागलं अन् गेलं." इथं गप्प बसलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी — मी म्हणालो, "ताई, तुझं माप चुकलं. मला तेव्हाच वाटलं होतं."

तेव्हाच वाटलं होतं! काय वाटलं होतं मला? माप अचूक होतं तिचं.

तिनं भोकावर पितळी पट्टी बसवली, तारा चढवल्या. गिटार वाजते, चांगली वाजते. कुणी पट्टीबद्दल विचारलं की ताई हसत हसत स्वतःची फजिती सांगते, आणि मी शेजारी बसून हसतो. दुसरी गिटार तिनं केली नाही. भिंतीवर साधी फळी लावायची तरी मला हाक मारते — "एकदा तू बघ रे." आणि मी बघतो. टेप लावून, भुवया चढवून बघतो! तिचं कधीच चुकलेलं नसतं. मी म्हणतो, हं, चालेल.

गेल्या रविवारी तिनं मला तिच्या घरी बोलावलं. टेबलावर सागाची नवी फळी. इतक्या वर्षांनी! पेन्सिलीच्या खुणा करून, पुसून, पुन्हा करून फळी काळवंडली होती. मी टेप लावला. सूतभरही फरक नव्हता.

सांगायची वेळ हीच होती ना?

तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाली, "आत किती खोल जायचं ती रेघ तूच मार. माझ्या हाताचा मला भरवसा नाय राहिला."

मी तिच्याच खुणेवर रेघ मारली. ती म्हणाली, "आता बरं वाटलं."